घोडी बोल लावत नाही

मागच्या अंकातला लेख वाचून आपल्याच जिल्ह्यातल्या एका भगिनीनं पत्र पाठवलं आहे. नाव छापू नका, गावही छापू नका, असं तिनं दोनदा लिहिलं आहे. तिचे शौहर सतरा वर्षं फौजेत होते. पेन्शन घेऊन घरी आले आणि दोन-तीन वर्षांत दारूच्या आहारी गेले. सासरचे म्हणतात, ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, मुलीचं लग्न व्हायचं आहे. मुलानं तिला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशात निवृत्त सैनिकांची नशा सुटावी म्हणून त्यांना घोड्यांच्या सहवासात ठेवतात, असं त्यात होतं. तिचा प्रश्न असा आहे : "बाजी, हे खरं असतं का? घोड्यानं माणूस कसा सुधारेल? आणि खरं असेल तर आमच्यासारख्यांनी काय करायचं?"

हे पत्र मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. आमच्या घरात हे सगळं घडून गेलेलं आहे. ते लिहावं की लिहू नये, हे ठरत नव्हतं. शेवटी मामूंना फोन लावला. ते म्हणाले, "लिख बेटा. नाम नक्को डाल, बाकी सब लिख. किसी के काम आया तो अच्छाच है." म्हणून लिहिते आहे.

माझे मामू फौजेत खेचरांवर होते. लष्कराच्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये 'अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्ट' नावाच्या तुकड्या असतात. जिथं ट्रक चढत नाही अशा डोंगरातल्या चौक्यांवर पीठ, रॉकेल आणि दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून जातो. 1999 च्या कारगिलच्या लढाईतही खेचरांनी ही ओझी वाहिली. आम्ही लहान होतो तेव्हा मामू सुट्टीवर आले की पेडोंगीची गोष्ट सांगायचे. पेडोंगी ही फौजेतली एक खेचरी. 1971 च्या युद्धात ती शत्रूच्या हाती लागली आणि पाठीवरच्या ओझ्यासकट चालत आपल्या तुकडीकडे परत आली. पुढे लष्करानं तिचा सन्मान केला. ही गोष्ट सांगताना मामूंचे डोळे चमकायचे. फौजेतला नियम ते आम्हाला शिकवायचे : आधी जनावराला पाणी, दाणा, खरारा, खुरांची तपासणी, मग जवानाचा चहा.

आपल्या भागाला फौज आणि घोडा यांचं नातं नवं नाही. 1853 मध्ये निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च भागवण्यासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनीकडे गेला. 1860 मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. मधली काही वर्षं मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी नळदुर्गच्या किल्ल्यात राहून इथला कारभार पाहत होता. थोडक्यात, त्या वर्षांत आपल्या काळ्या रानाचा सारा त्या फौजेच्या स्वारांच्या पगारासाठी जात होता. या घोडदळात दखनी मुसलमान मोठ्या संख्येनं होते. त्यांच्यात शिलेदारीची पद्धत होती, म्हणजे स्वार आपला घोडा स्वतः आणायचा आणि सांभाळायचा. पुढं याच घोडदळातून डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट झाली. पहिल्या महायुद्धात 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये तिच्या स्वारांनी घोड्यांवरून हल्ला चढवला होता. आज ती रणगाड्यांची रेजिमेंट आहे. शिलेदाराचा घोडा हीच त्याची रोजी होती. घोडा गेला तर घर बसायचं, म्हणून घोड्याची निगा हा त्याच्या जगण्याचाच भाग होता. आजचा जवान मात्र निवृत्त होऊन येतो तेव्हा त्याच्याबरोबर एक काळी ट्रंक असते, आणि सकाळी पाचला उठून करायचं असं काहीही नसतं.

मामू निवृत्त झाले तेव्हा चाळिशीही झाली नव्हती. फौजेतला माणूस फार लवकर मोकळा होतो, हे आपण विसरतो. हातपाय धडधाकट, पेन्शन ठीकठाक, मुलं शाळेत, आणि दिवसभर करायचं काय? काही महिने साखर कारखान्याच्या गेटवर रखवालदारी केली. मग तीही सुटली. रात्री झोप लागत नव्हती. दाराची कडी वाजली तरी दचकून उठायचे. डोंगरात काय पाहिलं, कुणाला खांद्यावरून खाली आणलं, हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

माजी सैनिकाला कॅन्टीनचं कार्ड मिळतं. त्यावर किराणा, साबण, मिक्सर जसे स्वस्तात मिळतात तशीच दर महिन्याला दारूही ठरावीक कोट्यात मिळते. मामू सुरुवातीला स्वतः घेत नव्हते. कोट्यातली बाटली कुणाला तरी द्यायचे. कुणाचं काम अडलं, कुणाचा पाहुणा आला, की "फौजी, एक बाटली मिळंल का?" असं विचारत लोक दारात. ती बाटली कपाटात राहायची, आणि झोप लागत नव्हती. पुढचं सांगायला नको.

आम्ही घरच्यांनी काय केलं, ते मात्र सांगायला हवं. आम्ही लपवलं. "आमच्यात कोणी पीत नाही" हे वाक्य मी स्वतः स्टाफरूममध्ये अनेकदा म्हटलेलं आहे. मुमानी सांगायच्या, त्यांना शुगर आहे, तब्येत बरी नाही. ईदच्या एका सकाळी ते ईदगाहच्या वाटेवर पडले. तिथं एका बुजुर्गांनी त्यांना जे शब्द ऐकवले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. त्या दिवसापासून मामूंनी मस्जिदीत जाणं सोडलं. थोरल्या मुलानं बोलणं टाकलं. मी माझ्या मुलांना सांगितलं, मामूनानांकडे जायचं नाही. वर्गात मी दारूबंदीवर भाषणं द्यायचे आणि आजोळच्या गल्लीत पाऊल टाकायचं टाळायचे.

मग आम्ही आणखी एक चूक केली. ती चूक पुष्कळ घरांत होते, म्हणून सविस्तर सांगते. घरच्या पुरुषांनी ठरवलं, कोंडून ठेवू, चार दिवसांत उतरेल. त्यांना खोलीत कोंडलं. पहिल्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम सुटला. दुसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर नसलेली माणसं दिसू लागली आणि पहाटे फेफरं आलं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर आमच्यावर रागावले. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर मेंदू आणि शरीर इतकं बिथरतं की जीवही जाऊ शकतो. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात, आणि भ्रम दोन-चार दिवसांत वाढतो. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं द्यावी लागतात, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं द्यावी लागतात. हा आजार आहे, आणि उतारा खोलीच्या कडीत नाही, हे आम्हाला त्या पहाटे कळलं.

त्यानंतर मामूंना पुण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. महाराष्ट्रात या कामाची वाट ज्यांनी घालून दिली त्या मुक्तांगणबद्दल वाचकांना माहिती असेल. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट या जोडप्यानं पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केलं. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते काम पाहते. पाच आठवडे राहून घ्यायचा उपचार, ठरलेला दिनक्रम, श्रमदान, गटात बसून मनातलं बोलणं, आणि व्यसनी माणसाच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट, अशी तिथली घडण आहे. दारुड्याला माणूस म्हणून वागवायचं, ही गोष्ट अशा केंद्रांनी आपल्या समाजाला शिकवली. मामूही पाच आठवडे राहून आले. चेहरा उजळला होता. मुमानींनी मोहल्ल्यात शिरखुर्मा वाटला. आणि तीन महिन्यांनी मामू पुन्हा प्यायले.

इथं बहुतेक घरं हात टेकतात. पण उपचारानंतर पुन्हा घसरणं हा या आजाराचा नेहमीचा भाग आहे. दम्याचा रुग्ण थंडीत पुन्हा आजारी पडला तर आपण त्याला शिव्या देत नाही, पुन्हा डॉक्टरकडे नेतो. मामू पुन्हा केंद्रात गेले, पुन्हा आले. केंद्रातल्या समुपदेशकानं मुमानींना एक प्रश्न विचारला होता : "घरी गेल्यावर सकाळी उठून यांनी काय करायचं आहे?" आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हतं.

उत्तर एका रात्री दारात आलं. शेजारी वरातीच्या घोड्या ठेवणारं एक घर आहे. त्यांची पांढरी घोडी पोटशूळानं लोळत होती. डॉक्टर सकाळशिवाय येणार नव्हते. त्या घरातला मुलगा रडत आला : "मामू, तुमकू खच्चरां का मालूम है ना?" मामू उठून गेले. घोडीचं लोळणं थांबवलं, पोटाला कान लावून आवाज ऐकला, दोर धरून तिला हळूहळू फिरवत राहिले. थोडं फिरवायचं, थांबायचं, मानेवरून हात फिरवायचा, पुन्हा चालायचं. फजरच्या अजानपर्यंत हेच चाललं. सकाळी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि घोडी वाचली. डॉक्टर म्हणाले, रात्री कुणीतरी जाणता माणूस जवळ होता हे बरं झालं. जाणता माणूस! कित्येक वर्षांत मामूंना असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घोडी कशी आहे ते पाहायला ते पहाटे गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. मग तेच त्यांचं काम झालं. पहाटे उठायचं, पाणी दाखवायचं, चंदी द्यायची, खरारा करायचा, चारही खूर उचलून बघायचे, तबेला झाडायचा. महिना-दोन महिन्यांनी मुमानींनी मला सांगितलं, "रातकू जल्दी सोते अब. बोलते, सुबे घोडी राह देखती."

एकदा मी मामूंना विचारलं, घोडीत असं काय आहे जे आमच्यात नव्हतं? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम लोगां मेरेकू देखे तो तुमकू कल का दिन याद आता. घोडी कू कल का कुछ याद नै. अब हात कैसा है, इत्ताच देखती."

आता त्या भगिनीच्या मूळ प्रश्नाकडे येते. परदेशात जे चालतं ते खरं आहे का? होय, खरं आहे, पण व्हिडिओत दाखवतात तितकं सोपं नाही.

घोड्याच्या मदतीनं उपचार ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. डेन्मार्कच्या लिझ हार्टेल या बाईंना पोलिओ झाला होता. त्यांना घोड्यावर चढवावं आणि उतरवावं लागायचं. त्यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं आणि डॉक्टरांचं लक्ष या गोष्टीकडे वेधलं गेलं. आधी अपंग मुलांसाठी आणि मग मनाच्या आजारांसाठी घोड्यांचा उपयोग सुरू झाला.

युद्धावरून परतलेल्यांच्या मनावरच्या जखमांसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानं एक अभ्यास केला. तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. 63 माजी सैनिक, छोटे छोटे गट, आठवड्यातून एकदा दीड तास, असे आठ आठवडे. सोबत एक मानसोपचाराचा जाणकार आणि एक घोड्यांचा जाणकार. यात स्वारी नाहीच. घोड्याजवळ जायचं, त्याला खरारा करायचा, दोर धरून चालवायचं, आणि त्या वेळी मनात काय झालं ते बोलायचं. तीन महिन्यांनी पाहिलं तर निम्म्याहून थोड्या अधिक लोकांचा त्रास चांगलाच कमी झाला होता. नशेच्या बाबतीत नॉर्वेतल्या ओस्लो विद्यापीठ रुग्णालयाचा 2015 चा अभ्यास आहे. तिथं नशेवर उपचार घेणाऱ्या तरुणांपैकी जे तबेल्यात काम करत होते ते उपचार अर्ध्यात सोडून जाण्याचं प्रमाण कमी होतं, ते अधिक दिवस टिकले. व्यसनमुक्तीत टिकून राहणं हीच निम्मी लढाई असते.

हे अभ्यास छोटे आहेत, हेही सांगते. घोड्याशिवाय उपचार घेणारा गट चिठ्ठी टाकून वेगळा काढून तुलना केलेली नाही. ज्यांना मुळातच बरं व्हायची ओढ होती तेच तबेल्यात गेले असतील, असंही म्हणता येतं. म्हणून घोडा हे औषध आहे, असं मी म्हणणार नाही. उपचार डॉक्टर आणि समुपदेशक करतात. घोडा त्या उपचाराला माणसाचा हात धरून ठेवायला मदत करतो.

तो हे कसं करतो? घोडा हे भक्ष्य होणारं जनावर आहे. वाघ-लांडग्यांपासून जीव वाचवण्यासाठी त्याचे कान, डोळे, कातडी सदैव जागी असतात. समोरच्या माणसाचा श्वास, चालीतली घाई, मुठीतला ताण तो लगेच ओळखतो. रागानं गेलात तर मान फिरवतो, मागं सरतो. सावकाश, श्वास सोडत गेलात तर जवळ येऊ देतो. युद्धावरून आलेला माणूसही असाच असतो. दाराची कडी वाजली की दचकणारा. घोड्याला शांत करायचं तर आधी स्वतःला शांत करावं लागतं, आणि हे शिकवायला कुणाला भाषण द्यावं लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे जबाबदारी. आजारी माणसाचं सगळे जण करत असतात, तो कुणाचंच करत नसतो. घोड्याला मात्र पाणी त्यानंच पाजायचं असतं. तिसरी गोष्ट मामूंनी सांगितलेली : घोडी बोल लावत नाही.

आपल्या दीनमध्ये घोड्याला मान आहे, हे वाचकांना सांगायला नको. कुरआनच्या शंभराव्या सूरहचं, सूरह अल-आदियातचं, नावच धावणाऱ्या घोड्यांवरून आहे. सूरह अन-नहलमध्ये घोडे, खेचरं आणि गाढवं यांची निर्मिती अल्लाहच्या देणग्यांमध्ये मोजली आहे. प्रेषित (स.) आपल्या चादरीनं घोड्याचं तोंड पुसताना दिसले, अशी रिवायत इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आहे. दोन जहानांचे सरदार जनावराचं तोंड स्वतः पुसत होते. तबेला झाडण्यात मामूंना कमीपणा वाटला नाही, तो याच शिकवणीमुळे.

पण मला या निमित्तानं दुसऱ्या एका हदीसकडे लक्ष वेधायचं आहे. दारू हराम आहे, हुकूम स्पष्ट आहे, त्यात सूट नाही. तरीही हा हुकूम ज्या समाजात उतरला त्याच्या सवयी ओळखून तो टप्प्याटप्प्यानं उतरला. आधी सांगितलं की तिच्यात नुकसान फायद्यापेक्षा मोठं आहे, मग नशेत नमाजजवळ जाऊ नका म्हटलं, आणि शेवटी पूर्ण मनाई झाली. त्या मनाईनंतरची ही घटना सहीह बुखारीत आहे. एक सहाबी दारू प्यायल्याबद्दल पुन्हा पुन्हा प्रेषितांसमोर आणले जात. त्यांना शिक्षाही झाली. एकदा जमावातल्या एकानं त्यांच्यावर लानत पाठवली. प्रेषितांनी त्याला थांबवलं. या माणसाला शाप देऊ नका, त्याचं अल्लाहवर आणि रसूलवर प्रेम आहे, या अर्थाचं ते बोलले. गुन्हा गुन्हाच राहिला, पण माणूस जमातीतून बाहेर काढला गेला नाही.

ईदगाहच्या वाटेवर मामूंना जे ऐकवलं गेलं ते आठवून मी ही हदीस पुन्हा पुन्हा वाचते. त्या बुजुर्गांना दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही. मुलांना "तिकडं जायचं नाही" म्हणणारी मीच होते. जे प्रेषितांनी सांगितलं ते आम्ही केलं नाही, आणि एका घोडीनं मात्र न शिकता केलं.

आता त्या भगिनीसाठी, आणि तिच्यासारख्या इतर घरांसाठी, चार गोष्टी लिहिते.

पहिली, लपवणं थांबवा. गावभर सांगावं असं मी म्हणत नाही. डॉक्टरला सांगा, भावाला सांगा, विश्वासाच्या एका माणसाला सांगा. 14446 हा व्यसनमुक्तीसाठी सरकारचा मोफत क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी 14416, म्हणजे टेलिमानस, हा क्रमांक आहे. माजी सैनिक असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ईसीएचएसचं कार्ड असेल तर त्यांच्या पॉलिक्लिनिकमध्ये विचारा. पेन्शनसाठी आपण दहा खेटे घालतो, मग यासाठी एक खेटा का नको?

दुसरी, कोंडू नका. दारू सोडवण्याची सुरुवात दवाखान्यातच होऊ द्या. न सांगता जेवणात मिसळायच्या पुड्या विकणाऱ्यांपासून दूर राहा.

तिसरी, कॅन्टीन कार्डाचा विचार करा. दारूचा कोटा उचलायचाच नाही, कुणाला द्यायलाही नाही, हे घरानं एकत्र बसून ठरवावं. आमच्या घरी सगळं त्या दिलेल्या बाटलीपासून सुरू झालं.

चौथी, उपचारानंतर हाताला काम द्या, आणि ते कुणीतरी वाट पाहील असं असू द्या. घोडा सगळ्यांना जमणार नाही. घोडा पाळणं महाग आहे. वरातीच्या घोडीवर माणसाला बसवलं म्हणजे उपचार झाला, असंही कुणी समजू नये. खऱ्या उपचाराला शांत जनावर आणि प्रशिक्षित माणूस लागतो. पण आपल्या जिल्ह्याची उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, ती आपल्या दारात आहे. दोन शेळ्यांचा चारा-पाणी वेळेवर करणं हा वैद्यकीय उपचार नव्हे, तरी पहाटे उठायला ते पुरेसं कारण आहे. मस्जिदीतलं हौद भरायचं काम, शाळेच्या झाडांना पाणी घालायचं काम, काहीही चालेल. काम खरं असावं, उपकार म्हणून दिलेलं नसावं. असा माणूस ते लगेच ओळखतो.

मामूंचं सगळं सुरळीत झालं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. घोडी आल्यानंतरही ते एकदा घसरले, लग्नसराईत. वरातीत डीजे, धूर, नाचणारी पोरं आणि बाटल्या. घोडी बिथरली, तिला आवरता आवरता कुणीतरी ग्लास पुढं केला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते तबेल्यात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः फोन करून केंद्रात गेले. या वेळी कुणाला न्यावं लागलं नाही. परत आल्यावर त्यांनी घोडीच्या मालकाला सांगितलं, वरातीला मी येणार नाही, तबेल्यात मात्र रोज येईन. आणखी एक सांगितलं : डीजेच्या भिंतीसमोर तीन-तीन तास जनावर उभं करू नका, त्याचाही हक्क आहे. मालकानं ऐकलं, पूर्ण नाही, पण बरंचसं.

पुढच्या ईदला नमाजनंतर मामू ईदगाहच्या कोपऱ्यात एकटेच उभे होते. थोरला मुलगा गर्दीतून वाट काढत गेला आणि गळाभेट घेतली. दोघंही काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मुलगा एवढंच म्हणाला, "अब्बा के कपड्यां को घोडी का वास आता."

मुमानी म्हणाल्या, "आने दे."